मानाचा क्रम

रुग्णाची नोंद करताना लॉगिन कुठल्या संगणकावरून झालंय, हे शोधायला रुग्णालयाचं मशीन सगळ्या विभागांचे आणि केबिनांचे फोल्डर चाळत बसायचं. सिस्टिम सांभाळणाऱ्या बाईंनी शोधायच्या यादीत अपघात विभागाचं फोल्डर पहिलं टाकलं, आणि तिथल्या नोंदी झटपट होऊ लागल्या.

यादी पाहून रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांचं पित्त खवळलं.

"माझी केबिन शेवटी?"

"साहेब, ही मानाची यादी नाही हो. मशीननं आधी कुठे शोधायचं, एवढंच आहे त्यात."

"मग आधी मलाच शोधायला हवं!"

सत्तेपुढे शहाणपण चालत नाही. बाईंनी दात-ओठ खात यादी उलटी केली.



आता अपघात विभागाच्या खिडकीवर रक्ताळलेली माणसं ताटकळतात, कारण मशीन आधी साहेबांना केबिनमध्ये शोधून येतं, आणि साहेब तिथे कधीच नसतात.