कुडाआडचा नालबंद

बैल पाडला तेव्हा गयासोद्दीन तुराट्यांच्या कुडाआड उभा होता. उजव्या हाताला त्यानं चिंधी गुंडाळली होती, आणि हाताला काहीही झालेलं नव्हतं.

कुडापलीकडं त्याचाच बैल, हरण्या, चारी पाय बांधून आडवा पडला होता. शेजारचा कचरू त्याची शिंगं दाबून बसला होता. भोकरदनहून बोलावून आणलेला नालबंद अजमत खूर तासत होता. सगळ्या हसनाबादला ह्याचं नवल वाटत होतं, कारण गयासोद्दीन स्वतःच नालबंद होता. हाताला लागलंय, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. अजमतलाही तेच सांगितलं होतं.

कापसाच्या गाड्या जालन्याच्या जिनिंगला निघायच्या दिवसांत आसपासच्या सगळ्या गावांची जनावरं त्याच्या हाताखालून जात. नाल ठोकल्याशिवाय त्या सडकेवर बैलाचा पाय टिकत नाही, हे शेतकऱ्यांना कळायचं, बैलांना नाही. तो गल्लीत शिरला की दावणीची जनावरं दावी ताणू लागत. पोळ्याच्या दिवशी तर त्याला घरातच बसावं लागे. एका वर्षी नुसता ओट्यावर येऊन उभा राहिला, तर मानाची जोडी उधळली. लोक हसले. तोही हसला, पण त्या दिवशी जेवला नाही. धंद्याचा त्याला मनापासून वीट आला होता.

"खाटकाला जनावर एकदाच भितं," तो बायकोला, अकबरबीला, म्हणायचा. "मला दरसाल भितं."

यंदा गावातले जमीनदार रामराव ह्यांनी त्याला मुरमाड जमिनीचा एक तुकडा बटाईनं कसायला दिला. एक बैल त्याचा, एक कचरूचा, असं औत जमवायचं ठरलं. मृगाच्या आत रान तयार झालं तर जमीन त्याच्याकडं राहणार होती. नाही तर ती दुसऱ्याला जाणार आणि गयासोद्दीनच्या हातात पुन्हा हातोडी येणार. म्हणून त्यानं बाजारातून हरण्या आणला. पण घोटाळा खरेदीतच झाला. लोक बैलाचे दात बघतात; ह्यानं गेल्या गेल्या सवयीनं बैलाचा पाय उचलला आणि खूर बघितलं. हरण्यानं त्याला तिथंच ओळखलं. घरी आल्यावर तो अकबरबीच्या हातनं चारा खायचा, कचरूच्या हाकेला वळायचा, आणि मालक जवळ आला की लाथ उगारायचा. अशानं औत चालणार कसं, ह्या काळजीनं गयासोद्दीनची झोप उडाली होती.

त्यात रानातले दगड गाडीनं बाहेर काढता काढता हरण्याची खुरं झिजली आणि तो लंगडू लागला. नाल ठोकणं भाग होतं. घरात नालबंद असताना बाहेर कशाला जायचं, असं अकबरबी म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. पण आता आपण हरण्याला पाडलं, तर तो जन्मात आपल्या हाताखाली चालणार नाही, हे गयासोद्दीनला पक्कं ठाऊक होतं. त्यानं हाताला चिंधी बांधली आणि भोकरदनची वाट धरली.

अजमतची हातोडी सुरू झाली. एक खिळा जरा तिरपा जातोय, असं गयासोद्दीनला आवाजावरून वाटलं आणि त्याचे हात शिवशिवले, पण तो जागचा हलला नाही. तुराट्यांच्या फटीतून त्याला हरण्याचा डोळा दिसत होता. तो अजमतच्या हाताकडं लागला होता. असला डोळा त्यानं आयुष्यभर पाहिला होता, पण दुसऱ्या कुणाकडं लागलेला कधी पाहिला नव्हता.

शेवटचा खिळा बसला. अजमतनं कानस फिरवली आणि कचरूला दोर सोडायला सांगितलं. तेवढ्यात गयासोद्दीन कुडाआडून पुढं आला.

"थांब कचरू. दोर मी सोडतो."

गाठी आवळल्या होत्या. एका हातानं सुटेनात, म्हणून त्यानं दोन्ही हात घातले. चिंधी कधी गळून पडली ते त्याला कळलंही नाही.

हरण्या धडपडत उठला. गयासोद्दीननं घासाची पेंढी त्याच्यापुढं धरली. बैलानं मान वाकडी करून एकदा अजमतकडं बघितलं आणि त्याच्यापासून दूर व्हायचं म्हणून तो गयासोद्दीनच्या अंगाला येऊन भिडला. मग हळूहळू घास खाऊ लागला. गयासोद्दीनला इतका आनंद झाला, की त्याला कुणाकडं बघवेना.

अजमतनं जाता जाता बैलाला थोपटावं म्हणून हात पुढं केला. हरण्या फुरफुरत मागं सरला. अजमतनं हात मागं घेतला आणि पिशवीत हातोडी शोधल्यासारखं केलं. हातोडी त्याच्या दुसऱ्या हातात होती. गयासोद्दीननं ते पाहिलं आणि त्याला लाज वाटली. किती तरी अंगणांत त्यानं स्वतः असंच केलं होतं.

मजुरी द्यायला त्यानं कनवटीला हात घातला, तेव्हा अजमतनं नको म्हणून मान हलवली. तो खाली वाकला. चिंधी उचलून त्यानं झटकली, नीट घडी घातली आणि आपल्या पिशवीत टाकली.

"ही राहू दे माझ्याकडं," तो म्हणाला. "मीबी एक बैल पाहून राह्यलो. घेतला की तुला बोलावतो."