कालचा मक्याचा पाव

मयताला येणाऱ्यांच्या वाटीतल्या गरम सुपात टाकायला अर्लीनने कालच्या मक्याच्या पावाचे तुकडे केले, लोणी चोळून पत्र्याच्या ताटात मांडले. सगळं एका हाताने. दुसरा हात नवऱ्याने काल पिरगळून मोडला होता.

आज सकाळी तोच नवरा, डॅरल, कवटी फुटून अंगणात मेलेला सापडला.

"पायऱ्यांवरून पडला म्हणतेस?" शेरीफ हॉलिसने विचारलं. "आणि पोरी, पाव भाजायला पत्रा? बिडाचा तवा कुठाय?"

"घासून वाळत घातलाय, काका."

"साबणाने?"

अर्लीन ताटातले तुकडे पुन्हा मांडू लागली. साबणाने बिडात वर्षानुवर्षं मुरलेली चरबी निघून जाते; बिडाच्या तव्याला साबण लावणारी बाई अख्ख्या अलाबामात सापडायची नाही.

शेरीफने तवा उचलला, त्याला डुकराची चरबी चोळली आणि ती पुन्हा मुरायला तो ओव्हनमध्ये तापत ठेवला.



"माझ्या आईनेही जन्मात एकदाच साबण लावला होता. बाप पायऱ्यांवरून पडला, त्या दिवशी."