घरवालीचा अंगठा

"अंगठा? माझा?" रंभानं विचारलं.

"तुझाच," पत्रू म्हणाला. "ब्रह्मपुरीचा डाक्टर म्हणते, चिराचं असंन तर कागदावर घरवालीचा अंगठा पायजे. त्याबिगर हात लावत नाई."

नागभीडजवळच्या त्या खेड्यात, मेहुण्याच्या अंगणात तो उन्हात उभा होता. मूल गावाहून छोट्या गाडीनं आला होता आणि स्टेशनापासून पायी. रंभा त्याची बायको. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली त्या साली ती त्याचं घर सोडून इथं भावाकडे आली, त्याला आता सात वर्षं झाली होती. मधे कुणी कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि आज नवरा आला तो अंगठा मागायला! बसा म्हणायचीही पंचाईत.

तरी तिनं पाण्याचा गडवा पुढं ठेवला. पत्रू खाली बसला, तो एका कुशीवर कलून, जांघेवर हात दाबून.

"कवापासून हाय?"

"दोन साल झाले. जाळं ओढतानी गाठ निंघते. पयले लिंबाएवढी होती, दाबली का आत जाये. आता जात नाई."

पत्रू ढिवर. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तलावात जाळं ओढायचं, त्यातच त्याची उमर गेली होती.

"मूलले डाक्टर नाई का?"

"हाय ना. तो म्हणते, चिराचं काम नाई, पट्टा बांध, बरा होशीन. ब्रह्मपुरीवाला म्हणते, पट्ट्यानं काई होत नाई. गाठ अडकली का दोन दिवसात खेल खतम."

"मूलवाला अंगठा मागते का?"

"नाई."

"मंग त्याच्याकडेच काऊन जात नाई तुमी?"

पत्रूनं गडवा उचलला, सगळं पाणी संपवलं आणि मग म्हणाला, "तू सांग. तू म्हणशीन तिथी जातो. मले दुसरं कोण हाय इचाराले?"

ही गोष्ट मात्र खरी होती. आई होती तोवर घरात तिचाच आवाज होता. लेकरू होत नाही म्हणून म्हातारीनं रंभाला उठता-बसता घालून-पाडून बोलावं आणि पत्रूनं तोंडाला कुलूप लावून जाळं विणत बसावं. भला माणूस, पण बोलायच्या वेळी मुका! म्हातारी जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून सकाळी गाडगं जिथं ठेवावं तिथंच ते संध्याकाळी सापडायचं. पत्रूला त्या गाडग्याचा राग यायचा. एकदा तर त्यानं ते स्वतःच सरकवून ठेवलं आणि बाहेर जाऊन परत आला होता.

दारात उभी असलेली भावजय गोकुळा बोललीच, "सात सालानं अंगठ्याची याद आली वाटते, पाव्हणे?"

चूक पत्रूची होती आणि त्याला ती ठाऊक होती.

"चिरून घ्या," रंभा एकदम म्हणाली. "ब्रह्मपुरीलेच. त्याचा हात हलका हाय."

"तुले काय मालूम?"

"लोकं सांगतेत."

ती आत गेली आणि गाठोडं बांधायला बसली. लुगडं घेतलं, गडवा घेतला, एक जुनं धोतर फाडून लांब पट्टी केली.

"हे काऊन?" पत्रूनं विचारलं.

"पोटाले बांधाले. खोकला आला का टाके ओढतेत."

बायकांना असल्या गोष्टी कशा सुचतात कोण जाणे, असं पत्रूला वाटलं.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीत दोघं समोरासमोर बसली. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला पत्रूची जांघ दुखत होती, आणि तरी त्याला बरं वाटत होतं. लाज वाटावी इतकं बरं.

"घरी मागची भीत लिपली," तो म्हणाला.

"कोणी?"

"मीच."

"मंग वाकडी असंन."

पत्रू हसला आणि लगेच जांघेवर हात ठेवून कण्हला. रंभानं तोंड खिडकीकडे वळवलं.

ब्रह्मपुरीला उतरल्यावर ती पुढं आणि तो मागं. तिनं वाटेत कुणाला काही विचारलं नाही. दवाखान्यात पोचल्यावर त्याला ओट्यावर बसवून ती मागच्या विहिरीवरून गडवा भरून घेऊन आली.

डॉक्टरांनी पत्रूला खाटेवर निजवून गाठ तपासली. "आलात ते बरं केलंत. उद्या सकाळी करून टाकू. आज रात्रीपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही." मग त्यांनी कागद काढला आणि शाईची डबी उघडली.

रंभानं पदराला हात पुसला आणि ती पुढं झाली.

"तुमचा नको, बाई," डॉक्टर म्हणाले. "रोग्याचाच लागतो." त्यांनी पत्रूचा अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला आणि ते दुसऱ्या रोग्याकडे गेले.

पत्रू काळ्या अंगठ्याकडे बघत राहिला. आता ही गाठोडं उचलणार आणि स्टेशनाची वाट धरणार, हे त्याला समोर दिसत होतं.

"नियम बदलला असंन," तो पुटपुटला.

"नाई," रंभा म्हणाली. तिनं गाठोडं खाटेखाली सरकवलं आणि ती धोतराची पट्टी उलगडायला बसली. "तोच हाय. चार साल झाले, या डाक्टरनं माझ्या पोटातला गोळा काढला, बाजूच्या खोलीत. संगं कोणी नोतं. माझाच अंगठा चालला."