न घेतलेली मुलाखत

कॉलेजच्या प्रकल्पासाठी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची होती. दिवस मैत्रिणींबरोबर भटकण्यात गेले, म्हणून नातीनं आपल्या शिंपी आजोबांना न विचारताच ती मनानंच रचली. ती वाचून भारावलेल्या मॅडम थेट घरीच आल्या. “आजोबा, शिलाई मशीन खांद्यावर घेऊन पुरातून पोहत आलात म्हणे तुम्ही!” आजोबा चक्रावले. “मी? अहो, मला गुडघाभर पाण्याचीसुद्धा धडकी भरते!” नातीचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडमचा आवाज कडक झाला. “खोटी मुलाखत म्हणजे फसवणूक. वर्ष जाईल तुझं!” “नका हो,” आजोबा मधे पडले. “मी सांगतो ना सगळं खरंखरं.” मॅडम विरघळल्या. “घे लिहून. पण त्यांचा एक शब्दही गाळायचा नाहीस.” आजोबांनी खुर्ची ओढून जन्मापासून सुरुवात केली. मॅडम गेल्या, दिवे लागले, नातीची बोटं आखडली. आजोबा अजून रांगतच होते.