माणशी दहा लिटर

एस्टोनियातल्या तालिन बंदराला लागून असलेल्या स्वस्त दारूच्या दुकानासमोर गाडी उभी होती आणि हिल्का पुढच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. कालच तिने पार्लरमध्ये जाऊन केस सेट करून घेतले होते. निळा, ठेवणीतला कोट घातला होता. आईच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मुलगा आपणहून फोन करतो, "आई, चल, बोटीने एका दिवसात जाऊन येऊ, तिकीट अगदी स्वस्तात मिळतंय," म्हणतो, ही काय थोडी गोष्ट झाली? सकाळी हेलसिंकीहून निघायचं, संध्याकाळी परत. मधले चार तास मोकळे. वर जुन्या गावात एखाद्या कॅफेत बसून ती त्याला सांगणार होती. स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, आणि नाताळ बघायला मिळेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आठवडा झाला, तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी काय फोनवर सांगतात?

तिचा मुलगा वेसा ढकलगाडी लोटत आला आणि डिकीत खोकी रचायला लागला.

"ही तुझ्या वाट्याची," तो म्हणाला. "माणशी दहा लिटर कडक दारू नेता येते. एकटा आलो असतो तर अर्ध्यावरच भागवावं लागलं असतं. माझ्या पन्नाशीची पार्टी काय दरवर्षी असते?"

हिल्का त्या खोक्यांकडे बघत राहिली. "मला वाटलं, फिरायला आलोय."

"मग फिरतोच आहोत की!"

"वर चौकात जाऊन कॉफी घेऊ या ना."

"वर? तिथे कॉफीला काय घेतात माहितेय का? ते परदेशी पाहुण्यांसाठी असतं, आई. आणि मला बर्फात चालणारे थंडीचे टायर घालून घ्यायचेत, इथे निम्म्यात होतं."

माणूस वाईट नाही हो. दर हिवाळ्यात शंभर किलोमीटर गाडी हाकत येतो, आईच्या दारातला बर्फ उपसतो आणि कॉफी पिऊन जातो. पाच वाक्यं बोलला तर खूप. आमच्याकडे फिनलंडात माया अशीच, फावड्याने केलेली. आईनेच त्याला तसं वाढवलंय, आता तक्रार कुणाकडे करणार? तेव्हा जुन्या गावाचे मनोरे समोर दिसत असताना हिल्का अडीच तास टायरवाल्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. तिला रडू येत होतं. पण परक्या माणसांसमोर कसं रडायचं, म्हणून तिने गाड्यांचं एक मासिक उघडलं.

परतीच्या बोटीत तिने घरून आणलेलं राय धान्याच्या काळ्या पावाचं सँडविच त्याच्यापुढे ठेवलं आणि मनाचा हिय्या केला.

"वेसा, मी मंगळवारी दवाखान्यात गेले होते."

"गुडघा परत?"

"नाही रे. पोटाचं..."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायको, मिन्ना. पाहुणे सत्तर की ऐंशी, व्हाइट वाइन घेतली का, हॉलवाल्याला कळवलं का. दहा मिनिटं तेच. हिल्काने पावाचे बारीक बारीक तुकडे केले. फोन ठेवून त्याने विचारलं, "हां, काय म्हणाले डॉक्टर?"

आता सांगायचं की नाही? पण तो इतका खुशीत होता. आम्हा लोकांना मेलं तरी कुणाला त्रास द्यायला आवडत नाही.

"वय झालंय म्हणाले."

"हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो?" वेसा हसला आणि तिच्या सँडविचमधलं उरलेलं अर्धं उचलून नाण्यांच्या जुगारी यंत्राकडे गेला.

हेलसिंकीला गाडी बोटीतून बाहेर पडली तोच कस्टमवालीने हात करून बाजूला घेतली. तरुण पोरगी, रेनकोट पावसात निथळत होता.

"विचारलं तर अर्धं तुझं म्हणून सांग," वेसा पुटपुटला.

पोरीने डिकीत वाकून पाहिलं, मग हिल्काच्या खिडकीशी आली. "आजी, यातलं तुमचं किती?"

"अर्धं."

"अगं बाई! एकट्या काय करणार एवढ्या दारूचं?"

वेसाचे कान लाल झाले. हिल्का जन्मात कधी सरकारी माणसाशी खोटं बोलली नव्हती. 'अर्धं' कसंबसं म्हणून झालं होतं, पण आणखी खोटं तिला जमेना.

"माझ्या मयताला लागेल," ती म्हणाली.

पोरगी खो खो हसत सुटली. "अहो आजी, मयताला आपण कॉफी देतो! कॉफी आणि केक!"

"कॉफी पिऊन कुणी बोलत नाही. नुसते कपाकडे बघत बसतात. दोन घोट पोटात गेले तर माझ्याबद्दल काहीतरी बोलतील तरी."

"शंभर वर्षं जगा आजी!" पोरीने गाडीच्या टपावर थाप मारली. "जाऊ द्या हो, जाऊ द्या."

वेसाला हसू आवरेना. हमरस्त्याला लागेपर्यंत त्याचे डोळे पाण्याने भरले होते. त्याने मिन्नाला फोन लावून स्पीकरवर सगळं पहिल्यापासून सांगितलं. मिन्नाही हसली. "कमाल आहे हं तुमची, आई!" हिल्का समोरचे वायपर बघत होती. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडलं होतं, आणि ऐकणारे सगळे हसले होते.

"आई, पार्टीत हे तूच सांगायचंस हं," फोन ठेवून वेसा म्हणाला. "सगळ्यांसमोर उभी राहून. तुझ्यासारखं मला नाही जमायचं."

"जमेल रे," हिल्का म्हणाली. "सवय कर."