अरबाबांसमोर कबुली

सर्व्हर चालू झाला, पण माल बुकिंगचं पान काही उघडेना. दत्तप्रसादने पुन्हा बटण दाबलं. मागे अरबाब, म्हणजे कंपनीचे बहारीनी मालक, उभे होते. मुहर्रकला एअरपोर्टवर माल अडकून पडला होता.

शेजारी बसलेली लीना मनात म्हणत होती, दाब, आणखी दाब.

शुक्रवारच्या सुट्टीत या शहाण्याने तिला न विचारता जावा सर्व्हरचं नवं व्हर्जन चढवलं होतं. ते जुन्या फायली जुन्या जागी शोधतच नाही. त्या उचलून नव्या फोल्डरात ठेवायच्या, झालं. चहा निवायच्या आत होणारं काम. पण का सांगायचं? बुकिंगचं अख्खं सॉफ्टवेअर तिने एकटीने लिहिलं होतं. ती इथे नवऱ्याच्या व्हिसावर, नोकरीचा परवाना नाही, म्हणून कागदोपत्री ऑफिसात नव्हतीच. "माझं नाव घालू, तुला अडचण नको," दत्तप्रसाद म्हणाला आणि ही बावळटासारखी हो म्हणाली. मग अरबाबांनी भर मीटिंगमध्ये त्याची पाठ थोपटली, त्याला मॅनेजर केलं. तेव्हापासून हा गृहस्थ तिच्याकडे ढुंकून बघत नव्हता. आयत्या बिळावर नागोबा! तिला पगारवाढ नको होती, पद नको होतं. अरबाबांसमोर त्याने एकदा, फक्त एकदा आपल्या तोंडाने कबूल करावं, एवढंच हवं होतं.

दत्तप्रसाद तिच्याकडे झुकला. हळूच मराठीत म्हणाला, "लीना, काय झालं असेल गं?"

"मला काय माहीत, सर? तुम्हीच लिहिलंय ना."

एसी सुरू असूनही त्याला घाम फुटला. लीनाच्या काळजाला गारवा मिळाला. वर्षभराचा राग होता तो. भोग म्हणावं आता.

तेवढ्यात एअरपोर्टवरून पुन्हा फोन आला. अरबाबांनी तो ऐकला आणि आपटला.

"खलास. हे काढून टाका, बाहेरून तयार सॉफ्टवेअर मागवा. दत्ता, हा कचरा तूच लिहिलास ना? लिहिणारा उद्यापासून मला इथे दिसता कामा नये."

दत्तप्रसाद उभा राहिला. त्याने लीनाकडे बोट केलं.

"मी नाही, सर. हिने लिहिलंय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सगळं हिचं. माझं फक्त नाव होतं."

लीनाने ऐकलं. हवी होती तशीच कबुली, अरबाबांसमोर, आणि शब्दन् शब्द खरी.