कोरी प्रत

"घ्या काका, अगदी कोरं आहे," फुटपाथवरचा पुस्तकवाला म्हणाला.

हातात माझाच पहिला कवितासंग्रह होता. आत माझ्याच अक्षरात, 'आदरणीय मोहरीर सरांना.' प्रकाशनाला सर त्यावर तासभर बोलले होते. त्या भाषणाच्या जोरावर मी पंचवीस वर्षं कवी म्हणून मिरवलो. पण छापखान्यातून जोडून आलेली पानं सरांनी कापलीच नव्हती.

पुस्तक परत ठेवलं आणि सभागृह गाठलं. एका मुलीच्या संग्रहावर बोलायचं होतं. तिची प्रत पिशवीत होती, अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच.

अस्तित्वाची पोकळी, मौनाची भाषा, नेहमीचं सगळं बोललो. टाळ्याही पडल्या. मुलगी डोळे पुसत पाया पडली. "सर, किती खोलवर वाचलंत मला!"

मोहरीर सरांना मीही हेच म्हणालो होतो.